शॉक देण्याआधी आणि दिल्यानंतर

शॉकच्या उपचारासाठी पेशंट येतो तेव्हा मी त्याच्या घरच्यांपैकी एकाला बाजूला घेते आणि विचारते, ‘‘गेल्या दोन-तीन महिन्यांत फवारणीचं औषध पोटात गेलं होतं का?’’ बहुतेक जण आधी नाहीच म्हणतात. पोलिस केसची धास्ती असते, पाहुण्यारावळ्यांत बोभाटा होईल याची त्याहून जास्त. मग मी कारण सांगते. मी भूलतज्ज्ञ आहे. शॉक देण्यापूर्वी स्नायू सैल पडावेत म्हणून मी सक्सिनिलकोलीन नावाचं इंजेक्शन देते. रक्तातलं एक एन्झाइम ते औषध काही मिनिटांत मोडून टाकतं आणि पेशंट स्वतःचा श्वास घ्यायला लागतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम निकामी करतात, आणि ते भरून यायला कित्येक आठवडे जातात. त्या काळात नेहमीचं इंजेक्शन दिलं तर पाच मिनिटांत परतणारा श्वास तासन्‌तास परतत नाही. आधी कळलं तर मी दुसरं औषध वापरते. एवढं ऐकल्यावर खरं काय ते बाहेर येतं. कुणी दाराकडे बघत म्हणतं, ‘‘दिवाळीनंतर एकदा झालं होतं, मॅडम. पण कुठं बोलू नका.’’

सांगली-मिरजेकडे, द्राक्षाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला हा प्रश्न टाळता येत नाही. घरच्यांचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. ‘‘करंट किती देता? मेंदू जळायचा नाही ना?’’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायलाच हवं. पण सगळी काळजी करंटवरच खर्ची पडते आणि विचारायलाच हव्यात अशा दोन गोष्टी राहून जातात. एक, आठवणींचं काय होतं? आणि दुसरी, शॉक संपल्यावर पुढच्या सहा महिन्यांचं काय? हा लेख खरं तर त्या दोन प्रश्नांसाठी आहे.

शॉकपर्यंत कोण येतं ते आधी सांगते. तासगावकडच्या एक काकू आल्या होत्या, पन्नाशीच्या. तीन आठवडे जवळजवळ उपाशी. भिंतीकडे तोंड करून पडायच्या, घास तोंडात दिला तर तसाच धरून ठेवायच्या. आपली आतडी सडली आहेत, आपल्या पापाने बाग जळाली, असं त्यांच्या मनाने पक्कं धरलं होतं. गोळ्या दोन प्रकारच्या देऊन झाल्या होत्या, त्याआधी उतारेही. अशा माणसाला ‘मन रमव, बाहेर फिरून ये’ म्हणण्यात काही अर्थ नसतो. अमेरिकेत ‘स्टार-डी’ नावाचा मोठा अभ्यास झाला, २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचं नैराश्य पूर्ण गेलं. पण दोन औषधं हरल्यावर तिसऱ्याने बरं होण्याचं प्रमाण सातात एकावर आलं. ज्याने अन्नपाणी सोडलंय, ज्याच्या डोक्यात मरणाचा विचार घट्ट बसलाय, त्याच्याकडे चौथी गोळी लागू पडते का बघायला सहा आठवडे नसतात. गंभीर नैराश्यात, विशेषतः असे भ्रम असतील किंवा माणूस दगडासारखा गप्प झाला असेल, तर ईसीटी म्हणजे शॉक हा आजही हातात असलेला सर्वांत प्रभावी उपचार आहे. पुष्कळ घरांत तो सगळे उपाय संपल्यावर आठवतो. काकूंच्या बाबतीत तो आठवडाभर आधी आठवला असता तर त्यांची किडनी पाण्याअभावी इतकी शिणली नसती.

आता सकाळचं सांगते. आदल्या दिवशी डोक्यावरून न्हायला सांगतो आणि तेल अजिबात लावू नका म्हणून बजावतो, कारण तेलकट केसांवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत. तरी आजी-मावश्या मायेने तेल लावून पाठवतातच, आणि मग सिस्टर स्पिरिटचा बोळा घेऊन कानशील घासत बसतात. सहा तास पोटात अन्न नको. कवळी काढायची, हलणारा दात असेल तर सांगायचं. बीपीचे दोन पट्टे लावतो, एक दंडाला आणि एक पायाला, घोट्याच्या वर. हा पायाचा पट्टा कशाला, हे बघणाऱ्याला कळत नाही. सलाइनच्या सुईतून प्रोपोफोल किंवा थायोपेंटोन गेलं की पेशंट अर्ध्या मिनिटात झोपतो. मग पायाचा पट्टा मी घट्ट फुगवते आणि त्यानंतर सक्सिनिलकोलीन देते. चेहऱ्यापासून पावलांपर्यंत स्नायूंची बारीक थरथर सरकत जाते, ज्वारीच्या पिकावरून झुळूक जावी तशी, आणि सगळं अंग सैल पडतं. फक्त पट्ट्याखालचं ते पाऊल सैल पडत नाही, कारण तिथवर औषध पोचलेलंच नसतं. मास्क आणि बॅगने मी श्वास देत राहते, दातांमध्ये रबराचा ठोकळा ठेवते. मानसोपचारतज्ज्ञ बटण दाबतात. पेशंट टेबलावर शांत पडलेला असतो आणि ते एकटं पाऊल लयीत हलत असतं. आकडी सुरू झाली, किती सेकंद चालली, हे आम्ही त्या पावलावरून आणि मेंदूच्या आलेखावरून मोजतो. साधारण अर्धं मिनिट ते एक मिनिट. मग पाऊल थांबतं, आलेखावरच्या उंच लाटा एकदम सपाट होतात, आणि दोन-चार मिनिटांत श्वास परत येतो.

माझ्या कामातली कसरत भुलीच्या मात्रेची असते. भुलीची औषधं आकडी दाबतात. मात्रा जास्त झाली तर आकडी तोकडी पडते आणि उपचार वाया जातो, कमी झाली तर अंग लुळं असताना पेशंटला जाग असण्याचा धोका. म्हणून प्रत्येक खेपेची मात्रा, आकडीचे सेकंद, बीपी, सगळं कार्डावर लिहिलं जातं. शॉक देताना मृत्यू होण्याची शक्यता फार कमी असते. जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ते प्रमाण एक लाख उपचारांमागे सुमारे दोन आलं. लहानसहान शस्त्रक्रियांच्या भुलीइतकंच ते आहे.

मग करंटचं काय? यंत्रातून येणारा प्रवाह अँपिअरच्या आतला असतो, तोही सलग नाही. एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून लहान अशा ठोक्यांनी तो काही सेकंद दिला जातो. कवटी विजेला मोठा अडथळा करते, त्यामुळे त्यातला बराचसा भाग कातडीतूनच निघून जातो. मेंदू जळण्याइतकी उष्णता त्यातून तयार होत नाही. आणि गुण येतो तो विजेने नव्हे, आकडीने. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी १९३४ साली मनोरुग्णांना कापराचं इंजेक्शन देऊन आकडी आणली होती. विजेचा त्यात संबंधच नव्हता. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकीचा निघाला, पण काही रुग्ण सुधारले. कापराने आकडी कधी येईल याचा नेम नसे आणि तोवर रुग्ण भीतीने अर्धमेला होई. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी एप्रिल १९३८ मध्ये तेच काम विजेने केलं, कारण वीज मोजता येते आणि आकडी क्षणात येते.

त्या काळी भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. आकडीच्या झटक्याने पाठीचे मणके दबायचे, हाडं मोडायची. ते दिवस लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत आणि सिनेमाने ते तिथेच गोठवून ठेवलेत. १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये देव आनंदला शॉक देतात ते त्याची ओळख पुसण्यासाठी. आपल्याकडे भुलीशिवाय शॉक देण्याची पद्धत फार उशिरापर्यंत चालली, हेही खरंच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ ने ती बंद केली. अल्पवयीन मुलांना पालकांची संमती आणि या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची पूर्वपरवानगी यांशिवाय शॉक देता येत नाही. तातडीचा उपचार म्हणून, संमतीवाचून तो उरकून घेण्याचीही सोय कायद्याने ठेवलेली नाही. या कलमांचं मी मनापासून स्वागत करते.

मेंदूत त्या मिनिटभरात आणि नंतर काय होतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. मेंदूतल्या पेशी एकाच वेळी, एकाच तालात पेटतात. ती पेटलेली लाट थोपवायला मेंदू स्वतःच जोर लावतो आणि ती थांबते. पुढच्या खेपेला तीच आकडी आणायला जास्त मात्रा लागते, शिवाय ती लवकर संपते. आमच्या कार्डांवर हे स्वच्छ दिसतं, सहाव्या-सातव्या खेपेपर्यंत सेकंद उतरत जातात. म्हणजे मेंदू आवर घालायला शिकत असतो. उपचाराचा गुण कदाचित या आवर घालण्यातच असावा, असं मानणारा संशोधकांचा एक मोठा गट आहे.

दुसरा धागा हिप्पोकॅम्पसचा. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर असलेला हा भाग आठवणी तयार करतो. दीर्घ नैराश्यात तो थोडा आक्रसलेला दिसतो. उंदरांना अशा आकड्या दिल्या तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींची वाढ झाली. माणसांचे उपचाराआधी आणि नंतर एमआरआय काढले तर हा भाग काही टक्क्यांनी फुगलेला दिसतो. अनेक देशांतल्या केंद्रांनी आपापली चित्रं एकत्र करून हे तपासलंय. मेंदूला इजा झाली असती तर उलट दिसायला हवं होतं. चेतापेशी मेल्यावर रक्तात जी द्रव्यं वाढतात, तीही शॉकनंतर वाढलेली आढळत नाहीत. पण एक गोष्ट दडवू नये. हा भाग जास्त वाढला म्हणून माणूस जास्त बरा झाला, असं त्या आकड्यांत दिसत नाही, आणि काही महिन्यांत वाढ ओसरतेसुद्धा. तेव्हा ‘शॉकने मेंदू वाढतो म्हणून नैराश्य जातं’ असं कुणी ठोकून सांगत असेल तर ते पूर्ण सत्य नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी वेगळं काही दाखवलं. कपाळामागचा डावा भाग नैराश्यात मेंदूच्या इतर भागांशी गरजेपेक्षा जास्त जोडलेला होता आणि शॉकनंतर ती जोडणी सैल झाली. नऊच रुग्णांवरचा अभ्यास, पण तेच ते विचार डोक्यात घोळवत राहणाऱ्या माणसाला पाहिलेल्या कुणालाही तो पटेल.

आता आठवणींकडे येते. इथे आम्ही डॉक्टर मंडळी घाई करतो आणि ते मला खटकतं. ‘थोडं विसरायला होतं, मग येतं परत’ एवढ्या एका वाक्यात विषय संपवला जातो.

गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. दोन्ही कानशिलांवरून दिलेले नऊ शॉक घेऊन त्या पूर्ण बऱ्या झाल्या. शेजारच्या मुलांना पुन्हा शिकवायला लागल्या, त्रिकोणमिती तोंडपाठ. पण उपचाराच्या महिनाभर आधी झालेलं नातीचं बारसं त्यांच्या मनातून गेलं ते गेलंच. व्हिडिओ पाहून त्यांना सगळा तपशील कळला. पाळण्याला कुठली साडी बांधली होती, गोविंद घ्या गोपाळ घ्या कोण म्हणालं, जेवायला काय होतं. ‘‘नाव मीच सुचवलं म्हणे,’’ त्या मला म्हणाल्या. त्यांची तक्रार नव्हती. पण त्या ‘म्हणे’ला काही किंमत आहे, आणि ती पेशंटने मोजायची असल्यामुळे त्याला आधी सांगायला हवी.

वैद्यकीय नियतकालिकांत याबद्दल दोन निष्कर्ष सापडतात आणि ते एकमेकांना छेद देतात असं वाटतं. २०१० मध्ये चौऱ्याऐंशी अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. शॉकनंतरच्या दोन-तीन दिवसांत स्मृतीच्या चाचण्या खालावतात, पण पंधरा दिवसांनंतर पूर्ववत होतात, काही बाबतींत आधीपेक्षा बऱ्याही येतात, असं दिसलं. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांनी स्वतः काय सांगितलं याचा आढावा घेतला गेला, तर किमान एक तृतीयांश जण आठवणी कायमच्या गेल्याचं सांगत होते. दोन्ही खरे असू शकतात. चाचणीत विचारतात ते शब्दांची यादी, आकडे, चित्रं, म्हणजे नवं शिकण्याची ताकद. ती परत येते. बारसं, सहल, मुलाने फोनवर सांगितलेली नोकरीची बातमी, यांची चाचणी कुणाच्या यादीत नसते. जातात त्या मुख्यतः उपचाराच्या काळातल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्या-महिन्यांतल्या आठवणी. लहानपण, माणसं, हातातलं कसब सहसा शाबूत राहतं.

हे नुकसान कमी करता येतं. एक इलेक्ट्रोड उजव्या कानशिलावर आणि दुसरा टाळूजवळ ठेवला तर भाषेचं काम करणारी डावी बाजू बरीच वाचते. विजेचे ठोके अतिशय आखूड ठेवले तर आणखी फरक पडतो. गुण यायला मग दोन-तीन खेपा जास्त लागू शकतात. अन्नपाणी सोडलेल्या काकूंसाठी आम्ही दोन्ही बाजू निवडल्या, कारण तिथे दिवस मोजून होते. चालत्याबोलत्या, नोकरी करणाऱ्या माणसासाठी उजवी बाजू आधी. संमतीपत्रावर सही करताना ‘एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, आणि का?’ हा प्रश्न घरच्यांनी जरूर विचारावा. आणि पहिल्या शॉकच्या आधी एक वही करावी. बँकेची कामं, एटीएमचा पिन कुठे ठेवलाय ते, अलीकडचे समारंभ, कुणाला दिलेले पैसे. पेशंटला शक्य असेल तर त्याच्याच हस्ताक्षरात.

हल्ली नातेवाईक फोनवर वाचून येतात आणि विचारतात, ‘‘ते चुंबकाचं मशीन चालणार नाही का?’’ ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, टीएमएस. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी दाखवलं की डोक्यापाशी धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय ठोके दिले तर कवटीखाली वीज निर्माण होते आणि अंगठा उडतो. आजही पेशंटची मात्रा त्या अंगठ्याच्या हालचालीवरूनच ठरवतात. भूल नको, आकडी नाही, आठवणींना धक्का नाही. पेशंट खुर्चीत जागा बसतो, डोक्यावर टकटक होते, मग उठून घरी जातो. अमेरिकेने २००८ मध्ये या उपचाराला मान्यता दिली, तेव्हा एक खेप सदतीस मिनिटांची होती. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात तीन मिनिटांची नवी पद्धत तेवढीच चांगली ठरली. गोळ्या लागू न पडलेल्या रुग्णांत साधारण निम्म्यांना बराच आराम पडतो, एक तृतीयांशाच्या आसपास पूर्ण लक्षणमुक्त होतात. पण आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे यावं लागतं. जतच्या एखाद्या वस्तीवरून रोज सांगलीला कोण कसं येणार? आणि काकूंसारख्यांना याचा फारसा उपयोग होत नाही. मध्यम ते तीव्र नैराश्यात, माणूस स्वतःच्या पायांनी चालत येत असेल, तर मी स्वतः आधी टीएमएसचा विचार करायला सांगेन.

मेंदूत तारा बसवण्याचा उपायही आहे. टोरांटोत हेलन मेबर्ग आणि शल्यचिकित्सक आंद्रेस लोझानो यांनी सहा जणांवर तो केला आणि २००५ मध्ये मांडला. चौघांना टिकाऊ गुण आला. टेबलावर जाग्या असलेल्या रुग्णांना प्रवाह सुरू होताच खोलीतले रंग गडद वाटू लागले, छातीवरचं ओझं हललं. पुढची मोठी चाचणी मात्र अपेक्षित फरक दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली. संशोधन चालू आहे. आपल्या कायद्यात मानसिक आजारासाठीच्या अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची संमती आणि मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात.

राहिला सहा महिन्यांचा प्रश्न. शॉकने आलेला गुण आपोआप टिकत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शॉकने बरे झालेल्या रुग्णांचे तीन गट केले. ज्यांना नुसती औषधविरहित गोळी मिळाली, त्यांतले ८४ टक्के चोवीस आठवड्यांत पुन्हा आजारी पडले. नैराश्यावरच्या एका गोळीने हे प्रमाण ६० टक्क्यांवर आलं आणि त्या गोळीला लिथियमची जोड दिल्यावर ३९ वर. बरा झालेला माणूस घरी जातो, हसतो, जेवतो, शेतावर चक्कर मारतो. घरचे म्हणतात, आता गोळ्या कशाला? मग दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा टेबलावर येतो आणि बाहेर सगळे म्हणतात की शॉकचा काही उपयोग होत नाही. भूल देताना कार्डावरची जुनी तारीख बघून मला फार वाईट वाटतं, कारण हे टळण्यासारखं होतं.

ज्यांना गोळ्या पुरत नाहीत त्यांच्यासाठी अधूनमधून एकेक शॉक देत राहण्याची पद्धत आहे. निवृत्त एसटी कंडक्टर असलेले एक काका असे महिन्यातून एकदा येतात. त्यांनी मला सरळ विचारलं, ‘‘मॅडम, असे किती घेतले म्हणजे मेंदू झिजतो?’’ मी त्यांना १९९१ चा एक छोटा अभ्यास सांगितला. आयुष्यभरात शंभराहून जास्त शॉक घेतलेल्यांची बुद्धी आणि स्मृती तपासली गेली, आणि शॉक न घेतलेल्या तशाच रुग्णांपेक्षा ती खालावलेली आढळली नाही. त्यांच्या बायकोने कॅलेंडरच्या मागे खुणा लिहून ठेवल्यात. आधी पहाटे तीनला झोप उडते, मग पेपर वाचणं बंद होतं, मग दाढी. गेल्या चार महिन्यांत यातली एकही खूण दिसली नाही, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी दोन खेपांमधलं अंतर आता सहा आठवड्यांचं केलंय. लिथियमची पातळी बघायला रक्त तपासणं मात्र ठरल्या तारखेलाच.